जुना स्विस आर्मी नाइफ खरंच सैन्यातला आहे का? कसं ओळखायचं?

स्विस आर्मी नाइफ म्हटलं की लाल मूठ, पांढरा क्रॉस आणि बाटलीचं बूच काढायचा स्क्रू डोळ्यांसमोर येतो. जुन्या वस्तू विकणाऱ्या साइट्सवर असे चाकू 'सैन्यातला अस्सल पीस' म्हणून चढ्या भावात दिसतात. गंमत म्हणजे हा स्क्रूवाला लाल चाकू स्विस सैन्याने सैनिकांना वाटलाच नव्हता. कार्ल एल्सनर यांनी 12 जून 1897 रोजी नोंदवलेला हा 'ऑफिसर्स नाइफ'. अधिकारी तो स्वतःच्या पैशाने घ्यायचे.

मग सैनिकांचा चाकू कोणता?

तो दिसायला अगदीच साधा. 1890च्या मॉडेलला गडद लाकडी मूठ होती आणि चारच अवजारं: पातं, टोच्या, कॅन ओपनर आणि स्क्रू ड्रायव्हर. नव्या रायफलचे भाग सोडवायला स्क्रू ड्रायव्हर हवा होता. पहिले 15 हजार चाकू तर जर्मनीतल्या झोलिंगनमध्ये बनले. 1908च्या मॉडेलमध्ये लाकडाऐवजी लालसर फायबर आलं.

1951च्या मॉडेलपासून सैनिकांच्या चाकूत स्टेनलेस स्टील आलं. त्यामुळे '1920चा सैनिकी चाकू' म्हणून दाखवलेलं पातं आरशासारखं चमकत असेल, तर सावध व्हा. त्या काळच्या साध्या पोलादावर काळपट डाग असणारच.

संग्राहकांचा लाडका 1961

या मॉडेलची मूठ ॲल्युमिनियमची, बारीक चौकटींच्या नक्षीची. सुरुवातीच्या काही वर्षांत ती लाल होती, नंतर चंदेरी. म्हणूनच लाल मुठीचे नग जास्त शोधले जातात. लांबी 93 मिलिमीटर.

इथे पातं उघडून त्याच्या बुडाशी पाहायचं. एका बाजूला कंपनीचं नाव, दुसऱ्या बाजूला वर्षाचे शेवटचे दोन आकडे. '78' म्हणजे 1978. नाव व्हिक्टोरिनॉक्स किंवा वेंगर, दोन्ही अस्सल. 1908 पासून सैन्याने जर्मन भाषक भागातल्या एका आणि फ्रेंच भाषक भागातल्या दुसऱ्या कंपनीकडून चाकू घेतले. 2005 मध्ये व्हिक्टोरिनॉक्सने वेंगर विकत घेतली.

सगळ्यात जास्त फसगत 'पायोनियर'मुळे होते. हा त्याच कंपनीचा, तशाच मुठीचा, पण बाजारात विकला जाणारा चाकू. त्याला किल्ल्या अडकवायची कडी असते आणि वर्षाचा ठसा नसतो. चाकू चांगलाच असतो, फक्त सैन्यातला नसतो.

2008 नंतरचा सैनिकी चाकू ओळखायला काहीच कष्ट नाहीत: हिरवी-काळी मूठ, 111 मिलिमीटर लांबी, एका हाताने उघडणारं आणि लॉक होणारं पातं.

विकत घेताना

विक्रेत्याकडे पात्याच्या बुडाचे दोन्ही बाजूंचे फोटो मागा. मूठ लाल आणि ठसा '85' असेल, तर दोन चाकूंचे भाग जोडलेले असण्याची शक्यता मोठी. धार लावून लावून पातं अरुंद झालं असेल तर किंमत उतरते. मशीनवर पॉलिश केलेला चाकू तर टाळाच, कारण त्यात ठसाच पुसट होतो.

आणि परदेशातून असा चाकू आणत असाल, तर तो चेक-इन बॅगेतच ठेवा. केबिन बॅगेत सापडला तर सिक्युरिटीवर सोडून यावा लागेल.