गिरणगावचा विसावा

गिरणगावातल्या कामगारांनी मनावरचा ताण हलका करण्याची जी साधने जमवली, त्यांचा इतिहास साप्ताहिक सुट्टीपासून सुरू होतो. मुंबईची पहिली कापड गिरणी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये ताडदेवला काढली आणि १८५६ मध्ये ती चालू झाली. पुढे परळ, लालबाग, चिंचपोकळी, नायगाव, वरळी हा सारा पट्टा धुराड्यांनी भरला आणि गिरणगाव झाला. पहिली तीसेक वर्षे कामाचा दिवस सूर्य उगवल्यापासून मावळेपर्यंतचा होता आणि हक्काची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ पासून कामगारांच्या सभा भरवून रविवारची सुट्टी मागितली. रविवार हा खंडोबाचा वार, हे त्यांच्या मागणीमागचे एक कारण होते. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांनी ती मान्य केली. दिवसाचे तास मात्र फार सावकाश कमी झाले: १९११ च्या कायद्याने पुरुषांसाठी बारा, १९२२ च्या कायद्याने अकरा, १९३४ च्या कायद्याने दहा. भजन, तालीम, नाटक यांचे गोडवे गाताना हा कायद्यांचा क्रम सहसा विसरला जातो. वेळ मिळाला तेव्हाच ही साधने रुजली.

ताण कसला होता? साचाखात्यात, म्हणजे मागांच्या विभागात, शेजारच्याचा शब्द ऐकू येत नसे, हवेत कापसाचे तंतू तरंगत. बदली कामगाराला सकाळी गिरणीच्या दारात उभे राहून आज काम मिळेल की नाही याची वाट पाहावी लागे. काम मुकादमाच्या मर्जीवर आणि कर्ज पठाण सावकाराच्या व्याजावर. त्यात बहुतेकांची बायकामुले रत्नागिरी, सातारा किंवा घाटावरच्या गावी. १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईत दर हजार पुरुषांमागे बायका पाचशेच्या आसपास होत्या.

या एकटेपणावर पहिला उतारा गावकऱ्यांच्या खोलीचा होता. एकाच गावचे वीस-पंचवीस जण मिळून चाळीत एक खोली भाड्याने घेत. पहिल्या पाळीचे लोक उठून गेले की रातपाळीचे त्याच जागेवर आडवे होत. भिंतीशी ट्रंका, दोरीवर कपडे आणि बाहेर सार्वजनिक नळ. आजच्या डोळ्यांना ही कोंडी वाटेल, आणि ती होतीच. पण नव्याने आलेल्या पोराला नोकरी लागेपर्यंत तिथे जेवण मिळे, आजाऱ्याला कोणीतरी गावी पोहोचवी आणि गावाहून आलेले पत्र ज्याला वाचता येई तो सगळ्यांसमोर वाचून दाखवी. दुःख लपवायला जागाच नव्हती. शिमगा आणि गणपतीला कोकणात जाणे हा तर वर्षाचा कणा होता. पगार बुडाला तरी चालेल, पण गाव चुकायचे नाही, अशी कैक जणांची रीत होती.

खोलीखालोखाल महत्त्व भजनी मंडळाला. चाळीत, गल्लीत, देवळात ठरलेल्या वारी आणि एकादशीला टाळ, पखवाज, पेटी घेऊन माणसे बसत. कोकणातून आलेल्यांनी डबलबारी आणली, म्हणजे दोन बुवांनी आमनेसामने एकमेकांना गाण्यातून सवाल टाकायचे. घाटावरच्यांनी वारकरी भजन आणि हरिनाम सप्ताह आणला. भक्ती हा त्याचा गाभा, यात शंका नाही. पण ज्याचा आवाज दिवसभर यंत्राखाली दबलेला असे, त्याला रात्री गळा मोकळा सोडता येई आणि इतर वीस गळे त्याला साथ देत. चरण लांबवताना श्वासही लांबतो, अंगाला ताल लागतो. दिवसभर मुकादमाच्या शिव्या खाणारा माणूस इथे बुवा असे, पखवाजी असे, त्याला मान असे.

तालमी आणि हुतूतूची मैदाने हा शरीराकडून मनाकडे जाणारा मार्ग होता. गिरण्यांनीही पुढे आपापले कबड्डी संघ बांधले. मात्र सगळ्याच तालमी निरागस नव्हत्या. काही तालमींतून दादा तयार झाले आणि संप फोडायला तसेच संप टिकवायलाही त्यांचा उपयोग झाला.

नाटकाला ठिकाण मिळाले ते परळच्या दामोदर नाट्यगृहात. नारायण मल्हार जोशी यांनी १९११ मध्ये सोशल सर्व्हिस लीग स्थापन करून रात्रशाळा आणि वाचनालये सुरू केली होती. लीगचे हे नाट्यगृह १९२२ पासून कामगारांच्या नाटकमंडळींचे माहेर झाले. पाळी सुटल्यावर तालीम करायची आणि सुट्टीच्या दिवशी राजा किंवा खलनायक व्हायचे, असा हा संसार. तमाशाचा शौक लालबागच्या हनुमान थिएटरात भागे. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्या लाल बावटा कलापथकाने १९४४ पासून कामगाराची व्यथा डफावर घेतली. अण्णाभाऊंची 'माझी मैना गावावर राहिली' ही छक्कड इतकी भिडली, कारण गिरणगावातल्या हजारो माणसांची मैना खरोखरच गावी होती. खासगी विरह हजारोंच्या सभेत गाता येतो, हे त्या छक्कडीने दाखवले.

दुसरा सोपा उपाय गुत्त्यात मिळे. १९३९ मध्ये मुंबईत दारूबंदी आली, १९४९ मध्ये नवा कायदा झाला. दारू हातभट्टीच्या रूपाने गल्लीत राहिली आणि तिचा भार बायकांवर पडला.

बायकांचा हिशेब वेगळाच मांडावा लागतो. १९२० च्या दशकात गिरणी कामगारांत सुमारे पाचवा हिस्सा बायकांचा होता. पण भजन, तालीम, नाटक ही बहुतेक पुरुषांची साधने होती. बायकांचा विसावा नळावर, चाळीच्या गॅलरीत, हळदीकुंकवात. गिरगावातल्या पांढरपेशा चाळींत मंगळागौरीच्या जागरणात रात्रभर फुगड्या-झिम्मा चाले. तेवढीच वर्षातली मोकळीक. परळ-लालबागच्या खाणावळवाल्या बायकांना तेवढीही उसंत नसे. पहाटेपासून भाकऱ्या थापायच्या, पगारापर्यंत उधारी सांभाळायची आणि जेवणाऱ्यांची गाऱ्हाणीही ऐकायची. पुरुषांचे मन मोकळे होण्याची एक जागा या बायकांच्या कष्टावर उभी होती. त्यांना स्वतःची संघटना १९७५ मध्ये मिळाली. प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून त्यांना सावकाराऐवजी बँकेचे कर्ज मिळवून दिले. व्याजाची धास्ती कमी होणे हाही ताणावरचा उपायच, आणि बहुधा सर्वांत खात्रीचा.

वैद्यकशास्त्र याच वस्तीत दुसऱ्या वाटेने आले. परळचे केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झाले. तिथले मानसोपचारतज्ज्ञ डॉ. एन. एस. वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० आणि ७० च्या दशकांत पतंजलीच्या योगकल्पनांवर आधारलेली उपचारपद्धती चिंता आणि तत्सम विकारांच्या रुग्णांवर वापरून पाहिली. आसन, प्राणायाम, प्रत्याहार, धारणा, ध्यान अशा तिच्या पायऱ्या होत्या. तिचे निष्कर्ष परदेशी नियतकालिकांतही छापून आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. १९२८ चा सहा महिन्यांचा संप लोकांनी गाव, उधारी आणि खाणावळ यांच्या आधाराने काढला होता. या वेळी संप संपलाच नाही. खाणावळीची उधारी फिटेना, खोल्या रिकाम्या झाल्या, मंडळांची वर्गणी आटली. गिरणी कामगाराच्या घराचा आणि वाट चुकलेल्या पोरांचा कोंडमारा जयंत पवार यांनी १९९७ च्या 'अधांतर' नाटकात मांडला. नोकरी गेली तेव्हा कामगाराचे ताण सोसण्याचे सगळे सांधेही तिच्याबरोबर निखळले, कारण ते गिरणीच्या पाळीला आणि पगाराला बांधलेले होते.

गिरण्यांच्या जमिनींवर मॉल आणि टॉवर उभे राहिले. अनेक कुटुंबे विरार, डोंबिवली, बदलापूरकडे सरकली. उपनगरी लोकलच्या डब्यांत आजही टाळ वाजवत भजनी मंडळे प्रवास करतात. चाळीतल्या मंडळाला रात्र मिळत असे. या मंडळांना मिळतो तो कामाला जाण्यायेण्याचा वेळ.