एका अटीमुळे वाचलेला तलाव

धोबी तलाव, गोवालिया टँक, सी. पी. टँक, बाबुला टँक, दो टाकी. दक्षिण मुंबईतली ही नावे आपण रोज घेतो. बसचा कंडक्टर घेतो, टॅक्सीवाला घेतो, पाहुण्यांना पत्ता सांगताना आपणही घेतो. या सगळ्या नावांत पाणी आहे. पण तिथे उतरून पाहिले, तर एकाही ठिकाणी तलाव दिसत नाही. धोबी तलावावर चौक झाला, इमारती झाल्या. गोवालिया टँकच्या जागी १९४२च्या ऑगस्टमुळे साऱ्या देशाला माहीत झालेले मैदान आहे. तलाव गेले आणि नावे तेवढी मागे राहिली.

गिरगावात राहणाऱ्या माझ्यासारख्या माणसाला या हरवलेल्या तलावांचे कुतूहल असणे स्वाभाविक आहे. त्यांच्याविषयी वाचता वाचता मला कळले, की आमच्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक तलाव अजून शिल्लक आहे. तो रस्त्यावरून दिसत नाही, कारण त्याच्यावर मशीद उभी आहे. क्रॉफर्ड मार्केटजवळची, शेख मेमन स्ट्रीटवरची जुम्मा मशीद.

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजांनी किल्ल्याभोवतालची जागा मोकळी करायला घेतली. शत्रूला आडोसा मिळू नये आणि तोफांच्या माऱ्यात अडथळा येऊ नये, हा हेतू. तटाबाहेरची वस्ती उत्तरेकडे सरकू लागली आणि शहराच्या मुख्य मशिदीसाठीही नवी जागा पाहणे आले. आज जिथे मंगलदास मार्केटची गर्दी उसळते, तिथे त्या काळी बागा आणि मोकळी जमीन होती. त्या जमिनीत एक मोठा तलाव होता. जागेचा मालक होता गोवा आणि कालिकत यांच्या दरम्यान व्यापार करणारा एक कोकणी मुसलमान. १७७५ साली त्याने मशिदीसाठी जागा द्यायचे कबूल केले. पण एक अट घातली. तलाव आहे तसा राहिला पाहिजे.

बांधणाऱ्यांनी अट पाळली. तलाव न बुजवता त्याच्यावरच मशीद उभारली. काम पूर्ण व्हायला १८०२ साल उजाडले. पुढे १८७४मध्ये काळ्या दगडाच्या सोळा कमानी तलावाच्या तळातून वर आणल्या गेल्या आणि साऱ्या इमारतीचा भार त्यांनी पेलला. १८९३मध्ये तलावाला दगडी पायऱ्या झाल्या. मी तो पाहायला गेलो तेव्हा दुपारची वेळ होती. बाहेर हातगाड्यांचा आणि हमालांच्या आरोळ्यांचा कल्लोळ, आणि आत हिरवट, थंड पाणी. पाण्यात मासे. काही माणसे पायरीवर बसून शांतपणे हातपाय धूत होती. हे पाणी नळाने आणून भरलेले नाही, ते तळच्या झऱ्यांचे आहे.

नमाजापूर्वी हातपाय आणि तोंड धुवावे लागते, त्याला वजू म्हणतात. त्यामुळे मशीद आणि पाणी यांचे नाते जुने आहे. अहमदाबादच्या १४२४ सालच्या जामा मशिदीच्या अंगणात हौद आहे, इराणमधल्या इस्फहानच्या शाही मशिदीतही आहे. डोंगरीत इराणी मंडळींनी १८६०मध्ये बांधलेल्या निळ्या फरशांच्या मुघल मशिदीत गेलात, तर तिथेही हौद दिसेल. आपण मराठीत सर्रास वापरतो तो ‘हौद’ हा शब्ददेखील अरबी ‘हौज’वरूनच आलेला. पुण्याच्या काळ्या हौदावर पाणी भरणाऱ्यांना तो कधी परका वाटला नाही. मात्र बहुतेक ठिकाणी आधी मशीद ठरते आणि मग तिच्यासाठी हौद खणतात. आपल्या मुंबईत उलटे घडले. पाणी आधी होते आणि मशिदीने त्याच्याशी जुळवून घेतले.

मग बाकीचे तलाव का गेले? याचा दोष एकट्या बिल्डरांच्या माथी मारता येणार नाही. १८६०मध्ये विहार तलावाचे पाणी नळाने शहरात आले, १८९२मध्ये तानसाचे आले. घरात नळ आल्यावर गल्लीतल्या तलावाकडे कोण पाहणार? पाणी घाण होत गेले. त्यात हिवतापाने शहर हैराण झाले. डॉ. बेंटली यांनी मुंबईतल्या हिवतापाची पाहणी करून १९११मध्ये अहवाल दिला आणि विहिरींत वाढणाऱ्या डासांकडे बोट दाखवले. त्यानंतर विहिरी झाकण्याची, बुजवण्याची मोहीम सुरू झाली. माणसे तापाने मरत होती, हे विसरून आज त्या निर्णयाला नावे ठेवणे सोपे आहे.

पण त्या लाटेतूनही काही पाणी वाचले, ते कोणते हे पाहण्यासारखे आहे. वाळकेश्वरचा बाणगंगा तलाव वाचला. चर्चगेटजवळची पारशांची भिखा बेहराम विहीर वाचली. १७२५ सालच्या त्या विहिरीला २०२५मध्ये तीनशे वर्षे झाली. आणि जुम्मा मशिदीचा तलाव वाचला. एक हिंदूंचा, एक पारशांची, एक मुसलमानांचा. जिथे पाणी केवळ सोय म्हणून होते, तिथे दुसरी सोय मिळताच ते गेले. जिथे त्याच्याशी कुणी बांधील होते, तिथे ते राहिले.

आज महानगरपालिका सात तलावांतून रोज सुमारे ३८५ कोटी लिटर पाणी मुंबईला पुरवते. त्यातला मोठा वाटा शंभर किलोमीटरच्या आसपासहून येतो. एखाद्या वर्षी पाऊस लांबला, की पाणीकपात ठरलेली. अशा वेळी पायाखालच्या झऱ्यांची आठवण होते. गिरगावच्या वाड्यांतून अजून काही जुन्या विहिरी आहेत, फळ्यांनी किंवा लोखंडी जाळीने झाकलेल्या. आता एकेका वाडीचा पुनर्विकास होतो आहे. करारात किती चौरस फूट, किती पार्किंग, भाडे किती, हे सारे बारकाईने लिहिले जाते. ते लिहिलेच पाहिजे. माणसांनी वर्षानुवर्षे दहा बाय बाराच्या खोल्यांत दिवस काढले आहेत. पण विहिरीचे काय करायचे, याची ओळ कुठल्या मसुद्यात असते का?

त्या कोकणी व्यापाऱ्याने अशी ओळ घालून घेतली होती. तो काही वास्तुशास्त्रज्ञ नव्हता, त्याच्या हाती कुठला कायदा नव्हता. जागा देणारा तो होता, एवढाच त्याचा अधिकार. मशीद बांधणाऱ्यांनीही ‘एवढी जागा फुकट जाते’ अशी तक्रार न करता तिच्यातून वाट काढली. आज वाडीच्या सभेत सही करायला बसणाऱ्या प्रत्येक भाडेकरूच्या आणि मालकाच्या हातात तेवढा अधिकार नक्कीच आहे. सही करण्यापूर्वी त्याने एकदा क्रॉफर्ड मार्केटला उतरून त्या सोळा कमानी पाहून याव्यात, असे मला वाटते.