अरुणा शानबाग खटला : असमर्थ रुग्णाच्या वतीने बोलायचे कोणी?

२७ नोव्हेंबर १९७३. मुंबईच्या केईएम रुग्णालयात परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. साखळीने गळा आवळल्याने मेंदूचा प्राणवायू तुटला आणि त्या पुन्हा सावरल्या नाहीत. पुढे त्यांना सांभाळले ते तेथील परिचारिकांनीच.

अन्न थांबवून त्यांना मृत्यू येऊ द्यावा, अशी याचिका पत्रकार पिंकी विराणी यांनी सर्वोच्च न्यायालयात केली. ७ मार्च २०११ रोजी ती फेटाळली गेली; मात्र उच्च न्यायालयाच्या अनुमतीने जीवरक्षक उपचार थांबवण्याचा मार्ग याच निकालाने खुला केला. खरा पेच वादमित्राचा, म्हणजे रुग्णाच्या वतीने बोलणाऱ्याचा होता. न्यायालयाने तो मान विराणींना नव्हे, केईएमच्या कर्मचाऱ्यांना दिला.

निकालातील एक नोंद सहज नजरेआड होते : ३७ वर्षांत अरुणांच्या देहावर एकही शय्याव्रण नव्हता. त्यासाठी दर काही तासांनी कूस बदलावी लागते, त्वचेवरची पहिली लाली वेळीच ओळखावी लागते. तीही प्रत्येक पाळीत, रात्रीसुद्धा. परिचर्येतील निर्णयशक्ती ती हीच. हे करणाऱ्या कित्येकींनी अरुणांना गणवेशात कधी पाहिलेही नव्हते.

१८ मे २०१५ रोजी, न्यूमोनियाने, त्याच रुग्णालयात अरुणा निवर्तल्या.