रैणी: धड्यात न आलेला भाग

 

२०२१ च्या आधीची गोष्ट. आम्ही काही मित्र जोशीमठहून मलारीच्या रस्त्याला निघालो होतो. तपोवन मागे पडलं आणि थोड्या वेळाने ड्रायव्हरने गाडी बाजूला घेतली. "सर, यही है चिपकोवाला गाँव." खाली ऋषिगंगा धौलीगंगेला मिळते, वर उतारावर थोडी घरं, आणि गौरादेवींचं स्मारक. उतरलो, फोटो काढले, दहा मिनिटांत पुढे. शाळेतला धडा प्रत्यक्ष बघितल्याचं समाधान तेवढं घेतलं. गावात कोणाशी दोन शब्द बोललो नाही.

नंतर या गावाबद्दल वाचत गेलो तसं लक्षात आलं की आपल्याला धड्यात अर्धीच गोष्ट सांगितली होती. झाडाला मिठी मारणाऱ्या बायका, पर्यावरणावर प्रेम, संपलं. त्या बायकांना नेमकं काय हवं होतं, हे कुठेच नव्हतं.

सुरुवात झाडांपासून नाही, मिठापासून करावी लागते. रैणी, शेजारचं लाता आणि नीती खोऱ्यातली पुढची गावं भोटिया लोकांची. नीतीची खिंड ओलांडून तिबेटशी यांचा पिढ्यान् पिढ्यांचा व्यापार. इकडून धान्य, गूळ, कापड जायचं, तिकडून मीठ, लोकर, टाकणखार यायचा. मेंढ्या-बकऱ्यांच्या पाठीवर लहान लहान थैल्या लादून. शेती होती, पण डोंगरातली शेती ती, सगळ्या वर्षाचं पोट तिच्यावर कसं भरणार? गौरादेवींचा जन्म १९२५ चा, लाताचा. बाराव्या वर्षी लग्न होऊन रैणीत आल्या, बाविसाव्या वर्षी नवरा गेला, पदरात मूल. घरचा लोकरीचा व्यवहार त्यांनीच सांभाळला.

१९६२ च्या युद्धानंतर खिंड बंद झाली. दिल्लीच्या नकाशावर ती सीमा होती, या लोकांसाठी बाजारपेठेचा रस्ता होता. खिंड बंद झाली आणि उलट बाजूने रस्ता आला, सैन्यासाठी. त्यासाठी गावच्या जमिनी गेल्या, भरपाई लटकली. आणि ज्या रस्त्याने सैन्याचे ट्रक वर आले, त्याच रस्त्याने ठेकेदारही वर आले. व्यापार गेल्यावर हाताशी उरलं होतं ते जंगल: सरपण, चारा, औजारांचं लाकूड, जडीबुटी. आता त्याचाच लिलाव सुरू झाला.

तेव्हा हा भाग उत्तर प्रदेशात होता. १९७३ मध्ये गोपेश्वरच्या दशोली ग्राम स्वराज्य संघाने, म्हणजे चंडीप्रसाद भट्ट यांच्या संस्थेने, शेतीच्या औजारांसाठी अंगूची थोडी झाडं मागितली. अंगूचं लाकूड हलकं आणि चिवट, बैलांचं जू त्याचंच करतात. वनखात्याने नाही म्हटलं. आणि तीच झाडं अलाहाबादच्या खेळाचं साहित्य बनवणाऱ्या कंपनीला देऊन टाकली! बैलाच्या जुवाला नाही, पण बॅट-रॅकेटला आहे. चिपकोची ठिणगी इथे पडली, मंडल गावात. त्या लोकांची मागणी "जंगलाला कोणी हात लावू नका" अशी नव्हतीच. "आमच्या जंगलावर पहिला हक्क आमचा" अशी होती. शिवाय जुलै १९७० चा अलकनंदेचा महापूर अजून सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. वरची झाडं गेली की खालचं गाव जातं, हे कळायला त्यांना कुठल्या परिषदेची गरज नव्हती.

मग रैणीची पाळी आली. सुमारे अडीच हजार झाडांचा लिलाव झाला. २६ मार्च १९७४ ला गावातल्या पुरुषांना चमोलीला बोलावलं, कशासाठी? त्याच लटकलेल्या भरपाईसाठी. चंडीप्रसादांना वनाधिकाऱ्यांनी गोपेश्वरला बोलण्यात गुंतवून ठेवलं. गावात पुरुष नाहीत असा हिशेब करून मजुरांना जंगलाकडे पाठवलं. एका मुलीने त्यांना पाहिलं आणि धावत जाऊन गौरादेवींना सांगितलं. त्या महिला मंगल दलाच्या प्रमुख. सत्तावीस बायका-मुलींना घेऊन त्या निघाल्या, चुलीवरचं तसंच टाकून.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. हे जंगल आमचं माहेर आहे, तोडू देणार नाही. बंदूक दाखवून झाली, शिवीगाळ झाली, बायका हलल्या नाहीत. रात्रभर पहारा दिला. वाटेवरची सिमेंटची फरशी उखडून टाकली, म्हणजे पुन्हा वर जाणं अवघड. धड्यातला फोटो त्या दिवशीचा नाही बरं का. त्या दिवशी तिथे कॅमेरा घेऊन कोणी आलेलं नव्हतं.

मुख्यमंत्री हेमवतीनंदन बहुगुणांनी समिती नेमली, अध्यक्ष दिल्ली विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ वीरेंद्र कुमार. समितीने बायकांचं म्हणणं खरं ठरवलं आणि अलकनंदेच्या वरच्या खोऱ्यात सुमारे बाराशे चौरस किलोमीटरमध्ये दहा वर्षं व्यापारी तोड बंद झाली. मोठा विजय, यात शंका नाही.

पण हक्काचं काय? १९८२ मध्ये नंदादेवी राष्ट्रीय उद्यान झालं आणि वरची कुरणं, जडीबुटी, गिर्यारोहकांसोबतचं हमालीचं काम, सगळं गावकऱ्यांना बंद. १९८८ मध्ये जागतिक वारसा स्थळाचा मान मिळाला. म्हणजे ज्यांनी जंगल वाचवलं त्यांनाच जंगलबंदी, आणि त्यावर शिक्का साऱ्या जगाचा. १९९८ च्या सुमारास लाता-रैणीच्या लोकांनी पुन्हा आंदोलन केलं, नाव 'झपटो-छीनो'. मिठी मारून झालं होतं, आता हिसकावून घेऊ. या आंदोलनाचा धडा मी तरी कुठल्या पाठ्यपुस्तकात पाहिलेला नाही. कसा असेल? त्यात फोटोला गोड काही नाही.

ज्या ऋषिगंगेच्या काठी हे झालं, तिथेच पुढे १३.२ मेगावॅटचा वीजप्रकल्प आला. गावकरी सुरुंगांबद्दल तक्रारी करत राहिले, २०१९ मध्ये उच्च न्यायालयात गेले. ७ फेब्रुवारी २०२१ ला रोंटी शिखरावरून खडक आणि बर्फाचा प्रचंड कडा सुटला. ऋषिगंगेचा प्रकल्प पुसला गेला, खाली तपोवनच्या ५२० मेगावॅट प्रकल्पाच्या बोगद्यात कामगार अडकले, दोनशेहून जास्त माणसं मेली किंवा बेपत्ता झाली. एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी: कडा प्रकल्पामुळे कोसळला असं शास्त्रज्ञांनी म्हटलेलं नाही. पण मेलेल्यांमध्ये बहुतेक या दोन प्रकल्पांवरचे कामगार होते. अशा नदीच्या पात्रात एवढी माणसं कामाला कोणी लावली, हा प्रश्न उरतोच.

पुरानंतर रैणीचे लोक भीतीने रात्री वरच्या जंगलात जाऊन राहिले. त्याच.

मग पाच जण न्यायालयात गेले, त्यातले तिघे रैणीचे. प्रकल्पांच्या मंजुऱ्या रद्द करा, गावाचं पुनर्वसन करा. १४ जुलै २०२१ ला उत्तराखंड उच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. आपण सामाजिक कार्यकर्ते असल्याचा पुरावा यांनी दिलेला नाही, असं म्हणत प्रत्येकी दहा हजार रुपये दंड केला. गौरादेवींच्या गावच्या माणसांकडे पुरावा मागितला. मी ती बातमी दोनदा वाचली.

त्याच्या आदल्या महिन्यात, पावसात, रैणीची जमीन खचायला लागली होती. भूवैज्ञानिकांनी गाव हलवायला सांगितलं. गाव हलवणं सोपं नसतं, पुतळा हलवता येतो. गौरादेवींचा पुतळा काढून सुरक्षित जागी म्हणून जोशीमठला नेला. गावच्या बायका तेव्हा रडत होत्या.

जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठच्या घरांना तडे गेले.