ढगांपलीकडच्या उल्कांची चाहूल

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात होणारा पर्सीड्स, म्हणजेच ययाती तारकासमूहातील उल्कावर्षाव, हा वर्षातील सर्वांत भरवशाच्या उल्कावर्षावांपैकी एक मानला जातो. महाराष्ट्रातील आकाशनिरीक्षकाला मात्र हा भरवसा फारसा उपयोगी पडत नाही. १२ आणि १३ ऑगस्टच्या रात्री सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना आभाळ बहुधा भरलेलेच असते आणि नोंदवहीत त्या तारखांपुढे ‘ढगाळ’ एवढाच शेरा पडतो. डिसेंबरमधील मिथुन उल्कावर्षावाच्या वेळी आकाश निरभ्र मिळते. पण पौर्णिमा जवळ असेल त्या वर्षी मंद उल्का चांदण्यात हरवतात. शिवाय उल्का दिवसाही पडतच असतात, त्या मोजण्याचा तर प्रश्नच उद्भवत नाही. ढग, चंद्र आणि सूर्य या तिन्ही अडचणींवर जगभरातील हौशी निरीक्षकांनी एक उपाय शोधून काढला आहे. ते उल्का पाहत नाहीत, रेडिओवर ‘ऐकतात’.

आकाशात क्षणभर चमकून जाणारी बहुतेक उल्का वाळूच्या कणाहून फारशी मोठी नसते. असा कण सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतो आणि जमिनीपासून साधारण १२० ते ८० किलोमीटर उंचीच्या दरम्यान हवेच्या रेणूंवर आदळत त्याची वाफ होते. या टकरींमध्ये अणूंतील इलेक्ट्रॉन सुटे होतात आणि उल्केच्या वाटेवर मुक्त इलेक्ट्रॉनांची एक लांबच लांब, अरुंद पट्टी मागे राहते. तिची लांबी दहा-पंधरा किलोमीटर सहज भरते. सुमारे ३० ते १०० मेगाहर्ट्झ दरम्यानच्या रेडिओ लहरी या पट्टीवरून आरशावरून परतावा तसा प्रकाश, त्याप्रमाणे परततात. जमिनीवर कोठेतरी प्रक्षेपक आणि दुसरीकडे रेडिओ संच असेल आणि मध्ये हा आरसा योग्य कोनात आला, तर एरवी न पोहोचणारी लहर क्षणभर पोहोचते.

याचा अनुभव घेण्यासाठी साध्या एफएम रेडिओचे उदाहरण पुरेसे आहे. एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यामुळे क्षितिजाखालचे केंद्र सहसा लागत नाही. आपल्या परिसरात ज्या वारंवारतेवर काहीच लागत नाही, पण हजारएक किलोमीटरवर एखादे शक्तिशाली केंद्र चालू आहे, अशी जागा निवडून पहाटे संच लावून ठेवला तर केवळ खरखर ऐकू येते. मधूनच ती खरखर थांबते आणि गाण्याची अर्धी ओळ, निवेदकाचा एखादा शब्द स्पष्ट उमटून पुन्हा लुप्त होतो. एक उल्का पडून गेलेली असते. ऐकू येतो तो आवाज अर्थातच उल्केचा नसतो. तो दूरच्या शहरातील निवेदकाचा असतो, आणि आपला आवाज शंभर किलोमीटर उंचीवरून उसळून कोणाच्या तरी घरात उतरला, याची त्या निवेदकाला कल्पनाही नसते. पृथ्वीच्या वक्रतेमुळे या उसळीला सुमारे दोन हजार किलोमीटरची मर्यादा पडते.

प्रत्येक उल्केचा प्रतिध्वनी सारखा नसतो. बारीक कणांनी निर्माण केलेली पट्टी विरळ असते. ती पसरत जाते तसा संकेत सेकंदाच्या अंशात विझतो. मोठ्या उल्केची पट्टी इतकी दाट असते की ती धातूच्या पत्र्यासारखी वागते. तिच्यावरून येणारा संकेत कित्येक सेकंद, क्वचित मिनिटभरही टिकतो आणि वरच्या वाऱ्यांनी पट्टी वेडीवाकडी होऊ लागली की थरथरू लागतो. येथे तरंगलांबीला फार महत्त्व आहे. विरळ पट्टीवरील संकेताचा टिकाव तरंगलांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. म्हणजे ५० मेगाहर्ट्झवर जो संकेत अर्धा सेकंद टिकेल तो १०० मेगाहर्ट्झवर त्याच्या चौथ्या हिश्श्यातच संपेल. एफएमच्या तुलनेत जुन्या दूरचित्रवाणीचा खालचा पट्टा या कामासाठी अधिक सोयीचा होता, त्याचे कारण हेच.

उल्का आणि रेडिओ यांच्या या नात्यात भारताचा वाटा लवकरचा आहे. नोव्हेंबर १९३३ मधील सिंह उल्कावर्षावाचा आयनांबरावर झालेला परिणाम कोलकात्यात शिशिरकुमार मित्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदवला होता. १९४१ मध्ये ऑल इंडिया रेडिओतील चमनलाल आणि वेंकटरामन यांनी लघुलहरी प्रक्षेपकाजवळ ऐकू येणाऱ्या विचित्र शिट्ट्यांचा उलगडा केला. प्रक्षेपकाकडून थेट येणारी लहर आणि धावत्या उल्केवरून परतलेली, वारंवारता किंचित बदललेली लहर एकमेकींत मिसळल्या की कानाला सरकत्या सुराची शिट्टी ऐकू येते, असे त्यांनी दाखवले.

तरीही या तंत्राचे शास्त्र झाले ते दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडमध्ये, आणि तेही काहीसे अपघाताने. युद्धाच्या अखेरीस जर्मनीची व्ही-२ क्षेपणास्त्रे टिपण्यासाठी लष्करी रडार आकाशाकडे वळवण्यात आली, तेव्हा क्षेपणास्त्र नसतानाही पडद्यावर प्रतिध्वनी उमटू लागले. जे. एस. हे यांनी त्यांचा माग काढला आणि ते उल्कांचे ठरले. डिसेंबर १९४५ मध्ये बर्नार्ड लोव्हेल यांना विश्वकिरणांचा शोध घ्यायचा होता. मँचेस्टरमधील विजेच्या ट्रामगाड्या त्यांच्या उपकरणांत व्यत्यय आणत असल्याने त्यांनी लष्कराचे मोडीत निघालेले रडार विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाच्या जागेवर, जॉड्रेल बँक येथे नेले. विश्वकिरणांऐवजी तेथेही उल्काच सापडू लागल्या. उल्कांविषयी लोव्हेल यांना त्या वेळी फारसे ठाऊक नव्हते. ती उणीव भरून काढली मॅनिंग प्रेंटिस यांनी. पेशाने वकील असलेले हे हौशी निरीक्षक खुर्चीत रेलून डोळ्यांनी उल्का मोजत आणि त्याच वेळी रडारच्या पडद्यावरचे प्रतिध्वनी त्यांच्याशी ताडून पाहिले जात. व्यावसायिक शास्त्रज्ञाला हौशी माणसाकडून शिकावे लागल्याचे हे उदाहरण उल्काशास्त्रात अपवादात्मक म्हणता येत नाही.

९ आणि १० ऑक्टोबर १९४६ च्या मधल्या रात्री पृथ्वी जियाकोबिनी-झिनर धूमकेतूच्या कक्षेजवळून गेली आणि कालेय तारकासमूहातून ड्रॅकोनिड उल्कांचा जोरदार वर्षाव झाला. एरवी तासाला मोजके प्रतिध्वनी दाखवणाऱ्या जॉड्रेल बँकच्या पडद्यावर त्या रात्री काही मिनिटे तासाला सुमारे हजार या गतीने प्रतिध्वनी उमटले. पुढच्याच वर्षी, १९४७ च्या उन्हाळ्यात, त्याच यंत्रणेने भर दिवसा पडणाऱ्या उल्कावर्षावांची एक मालिकाच उघड केली. त्यांतील मेष उल्कावर्षाव जूनच्या पहिल्या आठवड्यात शिगेला पोहोचतो आणि वर्षातील प्रबळ वर्षावांत गणला जातो. त्याचा उगमबिंदू सूर्याच्या इतका निकट असतो की पहाटेच्या काही चुकार उल्का सोडल्या तर मानवी डोळ्यांना तो जवळपास अज्ञातच राहिला होता.

हॅम रेडिओचालकांनी या उल्का-आरशाचा उपयोग गप्पांसाठी केला. ऑक्टोबर १९५४ मध्ये न्यू जर्सी आणि टेनेसी येथील दोन हॅमांनी उल्कांवरून लहरी उसळवून १४४ मेगाहर्ट्झवर संपर्क साधला. सेकंदाच्या अंशात संदेश पोहोचवायचा म्हणजे तो अतिवेगाने पाठवून पुन्हा संथ करून ऐकणे आले. २००१ मध्ये या कामासाठी डब्ल्यूएसजेटी हे संगणकीय सॉफ्टवेअर ज्यांनी लिहिले ते जो टेलर हे स्वतः हॅम आहेत आणि द्वैती पल्सारच्या शोधासाठी १९९३ मध्ये भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्यांपैकी एक आहेत.

नुसते मोजणाऱ्यांची गरज याहून कमी असते. तीन ते पाच दांड्यांची यागी अँटेना, वाहक लहरीचे सुरात रूपांतर करणारा संच आणि ध्वनी नोंदवणारा संगणक एवढे जमले की काम भागते. संगणक आवाजाचा आलेख काढत राहतो. शांत पार्श्वभूमीवर प्रत्येक उल्का एखाद्या लहानशा उभ्या रेघेसारखी उमटते. मूळ दूरचित्रवाणी पाहण्यासाठी बनवलेली, यूएसबीला जोडण्याची चिमुकली संचिका विस्तृत पट्ट्यातील रेडिओ संच म्हणून वापरता येते हे २०१२ च्या सुमारास ध्यानात आल्यावर खर्च आणखी घटला. निरीक्षकांच्या तासागणिक मोजण्या एकत्र करणारे ‘रेडिओ मीटिअर ऑब्झर्वेशन बुलेटिन’ १९९३ मध्ये सुरू झाले. त्यातील मासिक तक्त्यांत दिवसांचे आडवे आणि तासांचे उभे चौकोन रंगांनी भरलेले असतात. वर्षावाचा दिवस लाल पट्ट्यासारखा उठून दिसतो.

अशा तक्त्यांत कोणताही वर्षाव नसताना दिसणारी गोष्टही तितकीच वेधक आहे. सकाळी सहाच्या सुमारास संख्या सर्वाधिक आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास सर्वांत कमी असते. पावसात धावणाऱ्या गाडीच्या पुढच्या काचेवर थेंबांचा मारा होतो आणि मागची काच त्या मानाने कोरडी राहते. सेकंदाला ३० किलोमीटर वेगाने सूर्याभोवती फिरणाऱ्या पृथ्वीची ‘पुढची काच’ म्हणजे पहाटेची बाजू होय.

मात्र या आकड्यांवर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. आरशाचा कोन जुळावा लागत असल्याने एखाद्या जागी उगमबिंदू डोक्यावर आला की डोळ्यांनी पाहणाऱ्याला सर्वाधिक उल्का दिसतात, पण रेडिओवरील संख्या नेमकी त्याच वेळी घसरू शकते. विमाने, विजा आणि आयनांबरात अचानक बनणारे दाट थर हेही खोटे प्रतिध्वनी देतात. विमानाची तिरकी रेघ आणि उल्केची रेघ यांतील फरक संगणकाला सहजी कळत नाही. बेल्जियममध्ये दूर्ब येथील ४९.९७ मेगाहर्ट्झच्या दीपस्तंभवजा प्रक्षेपकाभोवती ‘ब्रॅम्स’ नावाचे जाळे उभारलेले आहे. त्याच्या आलेखांतील उल्का निवडण्यासाठी २०१६ मध्ये सामान्य नागरिकांचीच मदत घेण्यात आली.

एवढा खटाटोप कशासाठी, याचे उत्तर पुन्हा ड्रॅकोनिड उल्कांनीच दिले. ८ ऑक्टोबर २०१२ रोजी कॅनडातील ओंटारिओ येथील उल्का-रडारवर प्रतिध्वनींचा अनपेक्षित भडिमार झाला. तेथे त्या वेळी दुपार होती. भारतात रात्रीचे दहा वाजून गेले होते आणि कालेय तारकासमूह उत्तर-पश्चिम आकाशात उतरत होता. त्या वर्षी वादळाचे भाकीत कोणी केलेले नव्हते, आणि कण इतके बारीक होते की बहुतेक उल्का डोळ्यांच्या आवाक्याबाहेरच राहिल्या. आशियात त्या रात्री आकाशाकडे पाहत असलेल्या माणसालाही रडारने मोजलेल्या त्या वादळाची कल्पना येणे कठीण होते.

हौशी निरीक्षकाकडे मात्र स्वतःचे रडार नसते. तो दुसऱ्यांच्या प्रक्षेपकांवर अवलंबून असतो, आणि हे प्रक्षेपक एकेक करून बंद होत आहेत. अमेरिकेतील निरीक्षक ५५ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या दूरचित्रवाणी केंद्रांचा आधार घेत. २००९ मध्ये तेथील मोठी अ‍ॅनालॉग केंद्रे थांबली. उपग्रहांवर नजर ठेवणारी २१६.९८ मेगाहर्ट्झची अमेरिकी ‘स्पेस फेन्स’ यंत्रणा अनेकांना उपयोगी पडत होती. ती सप्टेंबर २०१३ मध्ये बंद झाली. पश्चिम युरोपातील निरीक्षकांना फ्रान्सच्या १४३.०५ मेगाहर्ट्झवरील ‘ग्राव्ह’ या लष्करी रडारने मोठा आधार दिला आहे, पण तेही उल्कांसाठी उभारलेले नाही. जपानमधील हौशी मंडळींनी १९९० च्या दशकातच हा धोका ओळखून ५३.७५ मेगाहर्ट्झवर आपला स्वतंत्र प्रक्षेपक चालवला आणि त्याभोवती देशभर निरीक्षकांचे जाळे विणले.

भारतात परिस्थिती अधिक अवघड आहे. मोठ्या शहरांत दूरदर्शनचे पहिले चॅनेल ६१ ते ६८ मेगाहर्ट्झच्या, म्हणजे उल्कांना अनुकूल अशा पट्ट्यात असे. दूरदर्शनची बहुतेक अ‍ॅनालॉग प्रक्षेपके २०२२ पर्यंत बंद झाली. उरला तो एफएमचा पट्टा. खासगी एफएम केंद्रे आल्यापासून मुंबई-पुण्यात तो खचाखच भरला आहे, आणि ९८.३ किंवा ९३.५ यांसारख्या वारंवारता तर अनेक शहरांत एकाच वेळी वापरल्या जातात. स्थानिक केंद्राच्या आवाजाखाली दूरचा प्रतिध्वनी दबून जातो, आणि जो ऐकू आला तो कोणत्या शहरातून आला हेही कळत नाही. हौशी निरीक्षकांची दाट वस्ती युरोप, जपान आणि अमेरिका येथे आहे. जपान आणि युरोप यांच्यामधील विस्तीर्ण पट्ट्यात, ज्यात भारत येतो, तासागणिक मोजणारे कान विरळ आहेत. अल्पकाळ टिकणारा वर्षाव याच वेळी झाला तर तो निसटण्याची शक्यता म्हणूनच अधिक. थुंबा येथील ३५.२५ मेगाहर्ट्झच्या उल्का-रडारसारखी साधने देशात आहेत, पण त्यांचे मुख्य काम उल्कांच्या पट्ट्या ज्या वाऱ्याने वाहतात त्या उंचावरील वाऱ्यांचा वेग मोजण्याचे आहे.

शहरापासून दूर, जेथे एफएमच्या पट्ट्यात अजून मोकळ्या जागा सापडतात अशा गावी, प्रयोग करणे शक्य आहे. मुंबईपासून दिल्ली हवाई मार्गाने सुमारे साडेअकराशे किलोमीटर आणि चेन्नई हजारएक किलोमीटर आहे. दोन्ही अंतरे उल्कांच्या उसळीला योग्य आहेत. अँटेना त्या शहराच्या दिशेने, किंचित वर उचललेली, आणि स्थानिक केंद्र नसलेली वारंवारता हवी. पहिला महिना कोणताही वर्षाव नसताना रोज पहाटे आणि संध्याकाळी प्रत्येकी एक तास मोजणे इष्ट, कारण पहाटेची संख्या संध्याकाळपेक्षा ठळकपणे अधिक येत नसेल तर नोंदले जाणारे प्रतिध्वनी बहुधा उल्कांचे नाहीत. जूनच्या सुरुवातीचा मेष आणि ऑगस्टमधील ययाती हे दोन्ही वर्षाव अशा संचाला पावसातही मिळतात. एक दिवसाउजेडी, दुसरा ढगांच्या वर.