गांधीजींचे शेंगदाणे आणि तुमचे बदामाचे दूध



बदाम किंवा शेंगदाणे रात्री भिजवायचे, सकाळी मिक्सरमधून काढायचे, फडक्याने गाळायचे, की झाले घरचे दूध. "डॉक्टर, गाईच्या दुधाऐवजी हे चालेल का?" असे आता बरेच जण विचारतात. प्रश्न नवा नाही. आपल्या नागपूरपासून जेमतेम ७५ किलोमीटरवर, वर्ध्यात राहिलेल्या एका माणसाने तो आयुष्यभर विचारला: महात्मा गांधींनी.

१९१२ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या टॉलस्टॉय फार्मवर गांधीजींनी दूध सोडले. १९१८ मध्ये खेडा जिल्ह्यात फिरताना त्यांचा मुख्य आहार होता शेंगदाण्याचे लोणी आणि लिंबू. तिथे त्यांना जबर आमांश झाला. शरीर इतके खंगले की ताकद परत येईना. मुंबईत डॉ. दलाल यांनी स्पष्ट सांगितले, दुधाशिवाय तब्येत भरून येणार नाही. पण दूध न घेण्याचे व्रत आडवे येत होते. तेव्हा कस्तुरबांनी सुचवले, गाय-म्हशीचे नको, तर शेळीचे घ्यायला काय हरकत आहे? गांधीजींनी ते मानले, पण मनातून त्यांना ते कायम सलत राहिले.

म्हणून दुधाला वनस्पतीजन्य पर्याय त्यांनी शोधणे सोडले नाही. १९३५ मध्ये वर्ध्याच्या मगनवाडीत त्यांनी जेवणात सोयाबीनचे प्रयोग केले. तरीही आत्मकथेत त्यांनी वाचकांना बजावले आहे: माझे पाहून दूध सोडले असेल, तर सर्व बाजूंनी फायदा दिसल्याशिवाय किंवा अनुभवी वैद्याच्या सल्ल्याशिवाय तो प्रयोग पुढे रेटू नका.

हा सल्ला किती योग्य होता, ते पुढे कळले. बी-१२ जीवनसत्त्व वेगळे काढण्यात यश आले १९४८ मध्ये, गांधीजी गेले त्याच वर्षी. शाकाहारी माणसाला ते मुख्यतः दुधातूनच मिळते. बदाम, शेंगदाणे, सोयाबीन यांत ते नसते. शरीरातला साठा काही वर्षे पुरतो, त्यामुळे दूध सोडल्यावर लगेच काही जाणवत नाही. हातापायांना मुंग्या, थकवा, विसराळूपणा उशिरा सुरू होतात.

कॅल्शियमचेही तसेच. २०० मिली गाईच्या दुधात सुमारे २४० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ६ ग्रॅम प्रथिने असतात. १०-१२ बदामांत कॅल्शियम जेमतेम ३० मिलिग्रॅम आणि प्रथिने अडीच ग्रॅम, त्यातलेही काही चोथ्यात जाते.

मग हे दूध करूच नये का? जरूर करा. दूध पचत नसेल तर ते उपयोगाचेच आहे. फक्त एवढे पाळा:

• बुरशी आलेले, काळपट, कडवट दाणे फेकून द्या. त्या बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि उकळूनही जात नाही.
• सोयाबीनचे दूध नीट उकळूनच प्या.
• फ्रीजमध्ये ठेवा, दोन दिवसांत संपवा. आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर ठेवू नका.
• वर्षाच्या आतील बाळाला आईच्या दुधाऐवजी हे कधीही देऊ नका.
• दूध-दही पूर्ण बंद असेल तर नाचणी आणि तीळ वाढवा, बी-१२ तपासून घ्या आणि गोळी विचारूनच सुरू करा.

गांधीजींकडे ही तपासणी नव्हती. तुमच्याकडे आहे. दूध सोडण्याआधी एकदा करून घ्या.