अमेरिकन महाविद्यालयीन बास्केटबॉलमधील खेळाडूभरती : स्थानांतरित आणि चार वर्षांचे खेळाडू

अमेरिकेच्या महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये संघबांधणीचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिल्या मार्गात प्रशिक्षक शालेय खेळाडूंना थेट प्रवेश देतात आणि पदवी मिळेपर्यंत त्यांना आपल्याच संघात घडवतात. अशा खेळाडूंना 'चार वर्षांचे खेळाडू' म्हटले जाते. दुसऱ्या मार्गात अन्य महाविद्यालयात शिकत व खेळत असलेले खेळाडू संघात घेतले जातात. अशा खेळाडूंना 'स्थानांतरित' किंवा 'ट्रान्सफर' खेळाडू म्हणतात. २०१८ ते २०२४ या काळात स्थानांतराचे नियम टप्प्याटप्प्याने शिथिल झाल्यामुळे दुसऱ्या मार्गाचे महत्त्व झपाट्याने वाढले. त्याचा परिणाम विजेत्या संघांच्या रचनेवर, लहान महाविद्यालयांवर, शालेय खेळाडूंच्या संधींवर आणि विद्यार्थ्यांच्या शिक्षणावरही झाला आहे.

पार्श्वभूमी

अमेरिकेतील बहुतेक मोठ्या महाविद्यालयांच्या क्रीडास्पर्धांचे नियमन नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन ही संस्था करते. १९०६ साली स्थापन झालेली ही संस्था 'एनसीएए' या आद्याक्षरांनी ओळखली जाते. तिच्या सर्वोच्च श्रेणीला 'डिव्हिजन एक' म्हणतात आणि या श्रेणीत बास्केटबॉलचे ३५० हून अधिक संघ आहेत. हंगामाच्या अखेरीस मार्च-एप्रिलमध्ये होणाऱ्या बाद फेरीच्या स्पर्धेतून राष्ट्रीय विजेता ठरतो.

एनसीएएच्या प्रचलित नियमानुसार खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येते. २०२४-२५ पर्यंत पुरुष संघाला १३ आणि महिला संघाला १५ पूर्ण शिष्यवृत्त्या देण्याची मुभा होती. जागा इतक्या मोजक्या असल्याने त्यांतील प्रत्येक जागा नवख्या शालेय खेळाडूला द्यावी की अन्यत्र तयार झालेल्या खेळाडूला, हा प्रशिक्षकापुढील कळीचा प्रश्न असतो.

नियमांचा इतिहास

१९७२ पूर्वी प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्यांना मुख्य संघातून खेळता येत नसे. पुढे करीम अब्दुल-जब्बार या नावाने विख्यात झालेले ल्यू ॲल्सिंडॉर यांनीही लॉस एंजेलिस येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात पहिले वर्ष प्रथम वर्षाच्या वेगळ्या संघातून खेळण्यात घालवले. त्यानंतरच्या तीन हंगामांत, १९६७ ते १९६९ या काळात, त्यांच्या संघाने सलग तीन राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली. खेळाडूला वेळ देऊन घडवायचे, ही कल्पना त्या काळी नियमातच अंतर्भूत होती.

महाविद्यालय बदलण्याची मुभा तेव्हाही होती, परंतु एका चतुर्वर्षीय महाविद्यालयातून दुसऱ्यात जाणाऱ्या बास्केटबॉलपटूला सर्वसाधारणपणे एक पूर्ण शैक्षणिक वर्ष न खेळता काढावे लागे. इंडियाना विद्यापीठ सोडून इंडियाना स्टेट विद्यापीठात गेलेल्या लॅरी बर्ड यांनाही असे थांबावे लागले. त्यांनी पुढे १९७९ मध्ये त्या संघाला अंतिम सामन्यापर्यंत नेले. द्विवर्षीय महाविद्यालयातून रीतसर अभ्यासक्रम पूर्ण करून येणाऱ्यांना मात्र लगेच खेळता येई. टेक्सासमधील ओडेसा महाविद्यालयातून आलेले लॅरी जॉन्सन हे १९९० साली विजेत्या ठरलेल्या नेव्हाडा विद्यापीठाच्या लास व्हेगास येथील संघाचे प्रमुख खेळाडू होते.

पुढील बदल अल्पावधीत घडले :

* ऑक्टोबर २०१८ – 'ट्रान्सफर पोर्टल' ही संगणकीय नोंदणी सुरू झाली. त्यापूर्वी अन्य महाविद्यालयांशी बोलणी करण्यासाठी खेळाडूला स्वतःच्या महाविद्यालयाची परवानगी लागे. परवानगी नाकारल्यास नव्या ठिकाणी पहिल्या वर्षी क्रीडा शिष्यवृत्ती मिळत नसे. नव्या व्यवस्थेत खेळाडूने केवळ कळवायचे असते आणि महाविद्यालयाने कामकाजाच्या दोन दिवसांत त्याचे नाव नोंदवायचे असते.
* ऑक्टोबर २०२० – कोविड साथीमुळे २०२०-२१ चा हंगाम हिवाळी खेळांच्या खेळाडूंच्या पात्रतेत न मोजण्याचा निर्णय झाला. त्यामुळे पुढील काही वर्षे पाचवा हंगाम खेळणारे अनुभवी खेळाडू मोठ्या संख्येने उपलब्ध राहिले.
* एप्रिल २०२१ – एकदा महाविद्यालय बदलल्यास वर्षभर थांबण्याची अट रद्द झाली.
* जुलै २०२१ – खेळाडूंना स्वतःचे नाव, छबी आणि लोकप्रियता यांवर जाहिरातींद्वारे पैसे कमावण्याची मुभा मिळाली.
* डिसेंबर २०२३ – अनेक राज्यांनी दाखल केलेल्या दाव्यात वेस्ट व्हर्जिनियातील संघीय न्यायालयाने दुसऱ्या व त्यापुढील स्थानांतरावरील बंधनाला तात्पुरती स्थगिती दिली. एप्रिल २०२४ मध्ये एनसीएएने शैक्षणिक अटी पूर्ण करणाऱ्या खेळाडूंवरील हे बंधन नियमातूनच काढून टाकले.
* जून २०२५ – 'हाउस' खटल्यातील तडजोडीला न्यायालयाने मान्यता दिली. त्यानुसार २०२५-२६ पासून महाविद्यालयांना ठरावीक मर्यादेत खेळाडूंना थेट मोबदला देता येऊ लागला. तडजोड स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांसाठी शिष्यवृत्त्यांच्या मर्यादेऐवजी संघातील खेळाडूंची कमाल संख्या १५ ठरली.

चार वर्षांच्या खेळाडूंची भरती

शालेय खेळाडूंची निवड अंदाजावर अवलंबून असते. सतरा-अठरा वर्षांच्या मुलाची शरीरयष्टी, कौशल्य आणि स्वभाव पुढे कसे घडतील हे निश्चित सांगता येत नाही. प्रशिक्षक त्याच्याशी व त्याच्या कुटुंबाशी दोन-तीन वर्षे संपर्क ठेवतात आणि प्रवेशानंतरही पहिला हंगाम बहुधा शिकण्यात जातो. या प्रतीक्षेचे फळ तिसऱ्या-चौथ्या वर्षी मिळते. बचावाची पद्धत, ठरवलेल्या चाली आणि सहकाऱ्यांच्या सवयी अंगवळणी पडलेला खेळाडू नवोदितांनाही शिकवू शकतो.

पर्ड्यू विद्यापीठाचे झॅक ईडी हे याचे ठळक उदाहरण आहे. शालेय क्रमवारीत फार खालच्या स्थानी असलेले हे उंच सेंटर २०२० मध्ये दाखल झाले. पहिल्या हंगामात त्यांची सरासरी प्रतिसामना ८.७ गुणांची होती, तर चौथ्या हंगामात ती २५.२ वर गेली. २०२३ आणि २०२४ अशी सलग दोन वर्षे ते राष्ट्रीय सर्वोत्तम खेळाडू ठरले.

सर्वच शालेय खेळाडू चार वर्षे राहत नाहीत. एनबीए या व्यावसायिक संघटनेने २००६ पासून निवडीसाठी किमान १९ वर्षे वय आणि शालेय शिक्षणानंतर एक वर्षाचे अंतर अशी अट घातली. तेव्हापासून अत्यंत गुणी खेळाडू केवळ एका हंगामापुरते महाविद्यालयात येऊ लागले. केंटकीने २०१२ मध्ये आणि ड्यूकने २०१५ मध्ये अशा खेळाडूंच्या बळावर विजेतेपद मिळवले. तथापि, अशा मोजक्या खेळाडूंना आकर्षित करणे थोड्याच महाविद्यालयांना शक्य होते. उर्वरित संघांसाठी दीर्घकाळ राहणारे खेळाडू हाच मुख्य आधार होता.

स्थानांतरित खेळाडूंची भरती

स्थानांतरित खेळाडूची महाविद्यालयीन सामन्यांतील कामगिरी पाहता येते, त्यामुळे निवडीतील अनिश्चितता घटते. तो वयाने मोठा, शरीराने परिपक्व आणि ताबडतोब खेळण्यास सज्ज असतो. संघाला एखाद्या विशिष्ट जागेची निकड असल्यास, उदाहरणार्थ पॉइंट गार्ड पदवी घेऊन गेल्यास, ती उणीव काही आठवड्यांत भरून काढता येते. प्रशिक्षक बदलल्यावर संघ नव्याने उभारतानाही हा मार्ग उपयोगी पडतो. २०२४ मध्ये मार्क पोप यांनी केंटकीची सूत्रे हाती घेतली तेव्हा त्यांना जवळजवळ संपूर्ण संघ नव्याने जमवावा लागला.

या पद्धतीतही जोखीम आहे. कमकुवत संघात अधिक गुण मिळवणारा खेळाडू बलाढ्य प्रतिस्पर्ध्यांसमोर तसाच यशस्वी होईल याची खात्री नसते. निर्णयासाठी वेळ कमी मिळतो. पोर्टलमध्ये नाव नोंदवण्याची बास्केटबॉलसाठीची मुदत प्रारंभी ६० दिवसांची होती आणि पुढे ती टप्प्याटप्प्याने कमी करण्यात आली. शिवाय अनेक स्थानांतरित खेळाडूंचा एक-दोनच हंगामांचा काळ शिल्लक असल्याने प्रशिक्षकाला दरवर्षी पुन्हा भरती करावी लागते.

खेळाडूच्या दृष्टीने पोर्टल हा दुधारी मार्ग आहे. खेळण्याची संधी न मिळालेल्या विद्यार्थ्याला त्यामुळे नवी दिशा मिळते. पूर्वी प्रशिक्षक अधिक मानधनासाठी हवे तेव्हा दुसरीकडे जात आणि खेळाडूवर मात्र वर्षभर बाकावर बसण्याची पाळी येई. ही विषमता दूर झाली, असे समर्थक म्हणतात. परंतु नाव नोंदवल्यानंतर विद्यमान महाविद्यालय चालू सत्राअखेर शिष्यवृत्ती थांबवू शकते. नव्या ठिकाणी जागा मिळेलच असे नसल्याने काही खेळाडू दोन्हीकडून वंचित राहतात.

विजेत्या संघांची रचना

अलीकडील अंतिम सामन्यांत दोन्ही पद्धतींनी बांधलेले संघ समोरासमोर आले आहेत.

२०१९ : व्हर्जिनिया विद्यापीठाचा संघ २०१८ मध्ये पहिल्याच फेरीत सोळाव्या मानांकित संघाकडून ७४–५४ असा पराभूत झाला होता. पुरुषांच्या स्पर्धेत अव्वल मानांकित संघाची अशी हार प्रथमच झाली. काइल गाय, टाय जेरोम आणि डिआंद्रे हंटर हे २०१६ साली एकत्र दाखल झालेले खेळाडू त्यानंतरही संघात राहिले आणि पुढील वर्षी त्यांनी टेक्सास टेकचा ८५–७७ असा पराभव करून विजेतेपद मिळवले. टेक्सास टेकच्या संघात मॅट मूनी आणि तारिक ओवेन्स हे पदवी घेऊन अन्यत्र आलेले खेळाडू महत्त्वाच्या भूमिकेत होते.

२०२१ : गोन्झागाला ८६–७० असे हरवणाऱ्या बेलर विद्यापीठाचे डेव्हियन मिचेल ऑबर्नहून, मॅकायो टीग ॲशव्हिलहून आणि ॲडम फ्लॅग्लर प्रेस्बिटेरियन महाविद्यालयातून आले होते. हे तिघेही जुन्या नियमानुसार एक वर्ष थांबले होते. त्या वर्षात त्यांना सामने खेळता आले नाहीत, पण संघासोबत सराव करून त्याची शैली आत्मसात करता आली.

२०२३ (महिला) : लुइझियाना स्टेट विद्यापीठाने आयोवाचा १०२–८५ असा पराभव केला. मेरीलँडहून त्याच हंगामात आलेल्या एंजल रीस अंतिम फेरीच्या सर्वोत्तम खेळाडू ठरल्या. आयोवाच्या मुख्य पाच खेळाडू मात्र शाळेतून थेट तेथेच आल्या होत्या. त्यांतील केटलिन क्लार्क यांनी चार वर्षांत ३,९५१ गुण मिळवून विक्रम प्रस्थापित केला.

२०२४ : कनेटिकट विद्यापीठाने ईडी यांच्या पर्ड्यूला ७५–६० असे हरवले. ईडी यांनी एकट्याने ३७ गुण मिळवले. कनेटिकटचे ट्रिस्टन न्यूटन व कॅम स्पेन्सर हे स्थानांतरित, तर डोनोव्हन क्लिंगन, ॲलेक्स काराबान आणि स्टीफन कॅसल हे शाळेतून थेट आलेले खेळाडू होते.

२०२५ : फ्लोरिडा विद्यापीठाने ह्यूस्टनवर ६५–६३ असा विजय मिळवला. वॉल्टर क्लेटन ज्युनियर (आयोना), अलायजा मार्टिन (फ्लोरिडा अटलांटिक) आणि विल रिचर्ड (बेलमाँट) हे तिघे प्रमुख गार्ड लहान महाविद्यालयांतून आलेले होते. ॲलेक्स कॉन्डन व थॉमस हॉ हे उंच खेळाडू मात्र फ्लोरिडातच दाखल होऊन तयार झाले होते.

कनेटिकट आणि फ्लोरिडा या दोन्ही संघांत घरचे आणि बाहेरून आलेले खेळाडू एकत्र होते. केवळ एकाच मार्गावर विसंबून न राहता, टिकून राहिलेल्या खेळाडूंच्या गाभ्याभोवती नेमक्या उणिवा भरून काढणारे स्थानांतरित खेळाडू जोडणे, असे या संघबांधणीचे स्वरूप दिसते.

लहान महाविद्यालयांवरील परिणाम

मर्यादित साधनांच्या महाविद्यालयांना पूर्वी एक लाभ होता. दुर्लक्षित खेळाडू हेरून, त्याला तीन-चार वर्षे घडवून ती एखाद्या हंगामात बलाढ्य संघांना धक्का देत. आता असा खेळाडू चमकताच अधिक मोबदला आणि अधिक प्रसिद्धी देणारे महाविद्यालय त्याला मिळवू शकते. घडवण्याचे श्रम एकाचे आणि फळ दुसऱ्याचे, अशी ही स्थिती आहे.

फ्लोरिडा अटलांटिक विद्यापीठाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. २०२३ मध्ये या संघाने प्रथमच उपांत्य फेरी गाठली आणि त्याचे प्रमुख खेळाडू पुढील हंगामातही एकत्र राहिले. २०२४ मध्ये प्रशिक्षक डस्टी मे मिशिगनला गेले. त्यांच्या मागोमाग व्लादिस्लाव गोल्डिन मिशिगनला, अलायजा मार्टिन फ्लोरिडाला आणि जॉनेल डेव्हिस अर्कान्सासला गेले. विशेष म्हणजे गोल्डिन हे स्वतः टेक्सास टेकहून फ्लोरिडा अटलांटिकला आले होते. मोठ्या संघात वाव न मिळालेले खेळाडूही याच वाटेने लहान महाविद्यालयांकडे येतात, ही या व्यवस्थेची दुसरी बाजू होय.

शालेय खेळाडू आणि शिक्षण

एकूण जागा मर्यादित असल्याने स्थानांतरित खेळाडूला दिलेली प्रत्येक जागा शालेय खेळाडूसाठी कमी होते. देशातील अग्रगण्य शालेय खेळाडूंना याची झळ फारशी बसत नाही. २०२५ मध्ये ड्यूकचा संघ कूपर फ्लॅग आणि कॉन नूपल या प्रथम वर्षाच्या खेळाडूंच्या बळावर उपांत्य फेरीत पोहोचला. झळ बसते ती मधल्या फळीतील, उशिरा बहरणाऱ्या मुलांना. हेच खेळाडू पूर्वी चौथ्या वर्षी संघाचा कणा होत.

शैक्षणिक बाजूही महत्त्वाची आहे. पात्रता टिकवण्यासाठी खेळाडूने तिसऱ्या वर्षाच्या आरंभी पदवी अभ्यासक्रमाचा ४० टक्के, चौथ्या वर्षाच्या आरंभी ६० टक्के आणि पाचव्या वर्षाच्या आरंभी ८० टक्के भाग पूर्ण केलेला असावा लागतो. महाविद्यालय बदलल्यावर आधीचे सर्व श्रेयांक नव्या अभ्यासक्रमात ग्राह्य धरले जातीलच असे नाही. वारंवार महाविद्यालय बदलणाऱ्या विद्यार्थ्याची पदवी त्यामुळे लांबू शकते. बहुसंख्य महाविद्यालयीन खेळाडू पुढे एनबीएमध्ये जात नसल्याने त्यांच्या दृष्टीने ही हानी एखाद्या गमावलेल्या हंगामापेक्षा मोठी ठरते.

मतमतांतरे

बदलांच्या समर्थकांच्या मते, अन्य विद्यार्थ्यांना असलेले महाविद्यालय निवडीचे स्वातंत्र्य खेळाडूंना नाकारणे अन्यायाचे होते आणि त्यांच्या खेळातून मिळणाऱ्या उत्पन्नात त्यांचा वाटा असलाच पाहिजे. टीकाकारांच्या मते, दरवर्षी बदलणाऱ्या संघांमुळे गुरू-शिष्यांचे दीर्घ नाते आणि संघाशी असलेली प्रेक्षकांची ओळख विरळ होत आहे. व्हर्जिनियाला २०१९ चे विजेतेपद मिळवून देणारे टोनी बेनेट यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये, हंगाम तोंडावर असताना निवृत्ती पत्करली. बदललेल्या वातावरणात संघाचे नेतृत्व करण्यास आपण योग्य राहिलेलो नाही, असे कारण त्यांनी दिले.

मोबदल्याच्या नव्या व्यवस्थेमुळे भरतीचा प्रश्न आर्थिक नियोजनाशीही जोडला गेला आहे. पूर्वी प्रशिक्षकाला खेळाडू एकदाच मिळवावा लागे. आता आपल्याच संघातील खेळाडूला दरवर्षी नव्याने राजी करावे लागते. त्यामुळे शाळेतून आलेला खेळाडू चार वर्षे एकाच संघात राहणे ही गृहीत धरण्याची बाब उरलेली नसून, तो प्रत्येक हंगामाअखेर दोन्ही बाजूंनी घेतलेला निर्णय ठरतो.

हे सुद्धा पहा

* बास्केटबॉल
* नॅशनल कॉलेजिएट ॲथलेटिक असोसिएशन
* नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन
* करीम अब्दुल-जब्बार
* लॅरी बर्ड
* केटलिन क्लार्क